जुन्या जाहिराती अजून तोंडपाठ का आहेत, आणि मसाल्याच्या छोट्या धंद्याने त्यातून काय घ्यावं

तुमचा प्रश्न मला असा समजला. सांगली जिल्ह्यात वडिलांनी उभा केलेला मसाले-लोणच्यांचा धंदा आता तुम्ही बघता. लहानपणी ऐकलेल्या जाहिराती तुम्हाला अजून चालीसकट म्हणता येतात, पण काल मोबाइलवर पाहिलेली एकही आठवत नाही. एक एजन्सी ‘व्हायरल होईल अशी’ रील करून द्यायला बरीच मोठी रक्कम मागते आहे. जुन्या जाहिरातींत असं काय होतं, आणि ते तुमच्यासारख्या छोट्या उत्पादकाला आज जमेल का, हे तुम्हाला हवं आहे.

मी मुंबईच्या एजन्सींमध्ये कॉपीरायटर म्हणून बरीच वर्षं काढली आणि आता बहुतेक काम छोट्या उत्पादकांसाठीच करतो. हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, आणि दर वेळी त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. जाहिरात लक्षात का राहते हा एक, आणि लक्षात राहिलेली जाहिरात माल विकते का हा दुसरा. तुम्ही पहिला विचारला आहे, पण एजन्सीला चेक द्यायचा की नाही हे दुसऱ्यावर ठरणार आहे. म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ ला, आणि उपग्रह वाहिन्या आल्या नव्वदीत. मधली पंधरा-सोळा वर्षं बहुतेक घरांत बघायला एकच वाहिनी होती. अख्ख्या चाळीत एक टीव्ही, रविवारी सकाळी दार उघडं आणि खोली भरलेली. जाहिरात लागली म्हणून उठून जायची सोय नव्हती. तो काळ परत येणार नाही आणि कितीही पैसे ओतले तरी तसा बंदिस्त प्रेक्षक आता विकत मिळणार नाही. शिवाय आठवण चाळणी लावते. त्या काळात लागलेल्या बहुसंख्य जाहिराती आपण साफ विसरलो आहोत. ज्या उरल्या त्याच आपण मोजतो आणि ‘तेव्हाच्या जाहिरातीच भारी होत्या’ म्हणतो.

पण वाहिनी एकच होती एवढंच कारण असतं तर सगळ्याच जाहिराती सारख्या लक्षात राहिल्या असत्या. तसं झालेलं नाही. ज्या राहिल्या त्यांच्यामागच्या कथा मी धंद्याची गरज म्हणून खोदत आलो आणि मला त्यांत एक समान गोष्ट दिसते. त्यांनी लोकांना काहीतरी वापरायला दिलं. माल घेतला नाही तरी वापरता येईल असं. आणि मग कंपनीने ते वर्षानुवर्षं बदललं नाही. हे कसं घडलं ते उदाहरणांवरून सांगतो, कारण त्यातले बारकावेच तुमच्या कामाचे आहेत.

सगळ्यात बोलकी कथा बिनाका गीतमालेची. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीतावर मनापासून श्रद्धा असलेले गृहस्थ. आकाशवाणीवर सिनेसंगीत कमी व्हावं असं त्यांचं मत होतं. त्यांनी गाण्यांची छाननी सुरू केली, वेळ कापली आणि गाण्याआधी चित्रपटाचं नाव सांगणंही बंद झालं, कारण चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे जाहिरात, अशी भूमिका होती. निर्मात्यांनी चिडून गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले. थोडक्यात, देशातल्या सर्वात लोकप्रिय गाण्यांना देशाच्या रेडिओवर जागाच उरली नाही.

ती जागा रेडिओ सिलोनने घेतली. कोलंबोचं लघुलहरी प्रक्षेपण भारतभर ऐकू यायचं आणि तिथे जाहिरातींना मनाई नव्हती. सिबा या कंपनीची बिनाका नावाची टूथपेस्ट होती. तिच्या नावाने डिसेंबर १९५२ मध्ये गीतमाला सुरू झाली आणि निवेदक होते अमीन सायानी, वय जेमतेम वीस. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. सुरुवातीला ती एक साधी स्पर्धा होती. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पत्र पाठवायचं, बक्षीस शंभर रुपयांचं. सायानींनी मुलाखतींतून सांगितलं आहे की पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रं तपासणं अशक्य झाल्यावर स्पर्धा बंद केली आणि लोकप्रियतेची क्रमवारी सुरू झाली. कोणतं गाणं कितव्या ‘पायदान’वर, यावर बुधवारी रात्री घराघरात वाद रंगायचे. गावोगावी श्रोता संघ निघाले आणि त्यांची मतं, दुकानांतला रेकॉर्डचा खप यांवरून क्रम ठरू लागला.

आता जाहिरात म्हणून हिच्याकडे बघा. टूथपेस्टबद्दल तीत जवळजवळ काहीच नव्हतं. दात, हिरड्या, फेस यांची चर्चा म्हणाल तर नावापुरती. कंपनीने हेरलं ते एवढंच की लोकांना जे हवं आहे ते सरकारने काढून घेतलं आहे आणि ते आपण देऊ शकतो. मोबदल्यात मागितलं काय, तर फक्त नाव उच्चारणं. लोक बिनाकाची जाहिरात ऐकत नव्हते, ते आपली गाणी ऐकत होते आणि त्या गाण्यांच्या दारावर बिनाकाची पाटी होती. पुढे १९५७ मध्ये केसकरांच्याच कारकिर्दीत विविध भारती सुरू झाली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती आल्या. त्याची सुरुवात मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून झाली. म्हणजे आकाशवाणीवरच्या जाहिरातींचा पहिला श्रोता आपला महाराष्ट्र होता.

या कथेची दुसरी बाजू कुणी सांगत नाही, आणि तुमच्या चेकशी तिचाच संबंध आहे. टूथपेस्टचं नाव पुढे सिबाका झालं, कार्यक्रमही सिबाका गीतमाला झाला. लोकांनी मात्र बिनाका म्हणणं सोडलं नाही. १९९४ मध्ये सिबाकाचा व्यवसाय कोलगेटने विकत घेतला. आज साठी-सत्तरीच्या कुणालाही विचारा, गीतमालेचं सरताज गीत सांगतील, डोळे भरून येतील, पण सकाळी दात कोलगेटने घासतात. लोकांच्या मनात घर करणं आणि लोकांच्या पिशवीत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली की दुसरी आपोआप साधते असं जो सांगेल त्याला पुरावा मागा.

रेडिओच्याही आधी भिंत होती. राजा रविवर्मांनी भावाच्या साथीने १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात शिळाछापाचा छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आणले. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि अखेर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची रंगीत चित्रं प्रथमच सामान्य घरांत पोचली. हे कलेच्या इतिहासात सगळे सांगतात. आमच्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढचं. ही चित्रं आणि त्यांच्या धर्तीची इतर चित्रं कंपन्यांनी उचलली. काड्यापेट्यांवर, कापडाच्या ताग्यांवरच्या लेबलांवर, साबणाच्या कॅलेंडरांवर देव आले. वूडवर्ड्‌स ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरांवर बाळकृष्ण असायचा. पोटदुखीने रडणाऱ्या तान्ह्याच्या आईला विकायचं औषध, आणि चित्रात गुटगुटीत कृष्ण. त्या चित्राखाली औषधाचं वर्णन लिहायची गरजच काय? आणि देवाचं चित्र असल्यामुळे वर्ष संपलं तरी कॅलेंडर रद्दीत जायचं नाही. खालचा तारखांचा गठ्ठा काढून चित्र चौकटीत बसवायचे, बाटलीच्या नावासकट. उदबत्ती लावलेल्या जाहिराती माझ्या पाहण्यात आहेत.

कॅलेंडर ही आपल्याकडची सर्वात कमी अभ्यासली गेलेली आणि सर्वात जास्त पाहिली गेलेली जाहिरात आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो. एखाद्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर जवळून बघा. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने दुधाचे खाडे मांडलेले असतात. एका कोपऱ्यात सिलिंडर लावल्याची तारीख. कामवाल्या बाईंची सुट्टी, भिशीचा दिवस, कुणाच्या तरी बाराव्याची नोंद, पोराच्या परीक्षेभोवती लाल गोल. घरातली बाई दिवसातून चार वेळा तिथे बघते आणि दर वेळी सराफाचं किंवा पतसंस्थेचं नाव नजरेखालून जातं. हे नाव तिला कुणी ‘दाखवत’ नाही. तिच्या हिशेबाच्या वहीच्या मुखपृष्ठावर ते आहे.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ आणलं तेव्हा त्यांनी हे ओळखलं होतं. तोवर कॅलेंडर ही फुकट वाटायची वस्तू होती. त्यांनी ती पैसे देऊन घेण्याजोगी केली. सगळ्या धर्मांचे सण, पंचांग आणि पानांच्या मागच्या बाजूला पाककृती, आरोग्य, वाचायला लेख. मागची बाजू वाया जायची, तिला त्यांनी मासिक करून टाकलं. ‘भिंतीवरी कालनिर्णय असावे’ ही ओळ तुम्ही जाहिरात म्हणून नव्हे, म्हणीसारखी वापरता. त्या ओळीत दिनदर्शिका किती चांगली आहे याचा एक शब्दही नाही. ती कुठे असावी एवढंच सांगितलं आहे, आणि आपण ऐकलं.

अमूलची कथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून त्यातलं एकच घेतो. १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर डा कुन्हा यांच्या एजन्सीकडे लोण्याचं काम आलं. यूस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या झग्यातली मुलगी काढली. ‘अटरली बटरली डिलिशस’ ही ओळ जमली ती डा कुन्हांच्या पत्नी निशा यांच्या सूचनेवरून. मुंबईच्या रस्त्यांवर फलक लागले. १९६९ मध्ये शहरात हरे राम हरे कृष्णची लाट होती, तेव्हा फलक आला ‘हरी अमूल, हरी हरी’. तिथून ताज्या घटनांवर बोलायची सवय लागली ती आजतागायत. आता त्यामागची व्यवस्था बघा. अमूलचे वर्गीज कुरियन यांनी एजन्सीला मोकळीक दिली होती की प्रत्येक फलक आणंदला मंजुरीसाठी पाठवायची गरज नाही. आठवड्याची बातमी आठवड्यात फलकावर यायची असेल तर दुसरा मार्गच नव्हता. ज्यांनी मंजुरीसाठी सात सह्या गोळा केल्या आहेत त्यांनाच या निर्णयाची किंमत कळेल. आणि मुलगी बदलली नाही. सिल्व्हेस्टर गेले २०२३ मध्ये. त्याच्या खूप आधी काम त्यांचे चिरंजीव राहुल यांच्याकडे आलं होतं. अनेक वर्षं ती मुलगी जयंत राणे यांच्या हातून उतरते आहे. हात बदलले तरी झगा तोच, ठिपके तेच.

यात माझ्या अनुभवाची भर घालतो. जाहिरातीला सर्वात आधी कंटाळतो तो मालक. तो ती रोज बघतो, ऑफिसात बघतो, घरी दाखवतो, मेहुण्याचं मत घेतो. सहा महिन्यांत म्हणतो, ‘आता काहीतरी नवीन करू.’ तोपर्यंत गिऱ्हाइकाने ती फार तर दोनदा, तेही अर्धवट, पाहिलेली असते. चांगल्या चाललेल्या कितीतरी ओळी मी याच कारणाने बंद पडताना पाहिल्या. एजन्सीलाही बदल हवाच असतो, कारण नवीन कामाचं बिल होतं. अमूलमध्ये हे झालं नाही ते माणसांच्या धीरामुळे.

आता विक्रीकडे. ललिताजी आठवते ना? भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, तरीही महागडं सर्फ घेणारी गृहिणी. कविता चौधरी यांनी तो संयम फार सुंदर वठवला होता, आणि जाहिरात लिंटास या एजन्सीच्या अलीक पदमसींची. ती जन्मली कशासाठी? अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये सुरू केलेली निरमा पावडर सर्फच्या कितीतरी कमी किमतीत विकली जात होती आणि सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरचं गिऱ्हाईक ओढत होती. किमतीला उत्तर म्हणून ‘सस्ती चीज और अच्छी चीज में फर्क होता है’ हा युक्तिवाद आला. त्यानं सर्फची प्रतिष्ठा राखली, महाग घेण्यातला संकोच घालवला. पण ज्या घराला महिन्याच्या शेवटी दहा रुपये वाचवायचे होते त्या घराला युक्तिवाद पुरत नाही. हिंदुस्तान लिव्हरला १९८७ मध्ये व्हील ही स्वस्त पावडर बाजारात आणावी लागली. इतकी गाजलेली जाहिरातही चुकीच्या किमतीचं काम करू शकत नाही. तुमच्या शेजारच्या ब्रँडचा मसाला शंभर ग्रॅमला दहा रुपयांनी स्वस्त असेल आणि चवीतला फरक गिऱ्हाइकाला जाणवत नसेल, तर रील तुम्हाला वाचवणार नाही.

विकोचीही ओळ तुम्हाला पाठ असेल. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळला सुरू केलेला हा मराठी धंदा. ‘नहीं कॉस्मेटिक’ हे शब्द केवळ यमकासाठी आलेले नाहीत. विको टर्मरिक हे मलम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर उत्पादन शुल्क खात्याशी कंपनीचा वाद कित्येक वर्षं चालला, कारण दोन्हींवरचा कर वेगळा. कोर्टात जे मांडायचं तेच पडद्यावर गायलं जात होतं. चांगली ओळ बहुधा धंद्याच्या खऱ्या अडचणीतून येते, म्हणून मी पहिल्या भेटीत मालकाला ‘तुमचं स्वप्न काय’ विचारत नाही, ‘दुकानदार माल का परत करतो’ ते विचारतो.

तुमच्या आकाराला सर्वात जवळची कथा मात्र यांपैकी कुठलीच नाही. ती तुमच्याच जिल्ह्यातली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. नांगर दोन वर्षं पडून राहिले. हा प्रश्न किमतीचा नव्हता, घोषणेने सुटणारा नव्हता. शेतकऱ्याला पटेल असं समजावून सांगणं हाच उपाय होता. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची, मालाची माहिती देणारं साधं पत्रक. हळूहळू त्यात कारखाना कमी आणि वाचकाच्या आयुष्याचे विषय जास्त येऊ लागले. उद्योग, शेती, घर, विज्ञान, सुधारणा. त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, मग १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या या मासिकांवर वाढल्या. नांगराच्या कारखान्याचं माहितीपत्रक आपल्या वाङ्मयाचा भाग झालं. आज ज्याला मोठी मोठी नावं देऊन एजन्सी पैसे घेतात ते सगळं तिथे होतं, तेही एका माळावरच्या कारखान्यात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: बिनाकाने गाणी दिली, कॅलेंडरने खाडे मांडायला जागा दिली, अमूलने गप्पांना विषय दिला, किर्लोस्करांनी वाचायला दिलं. आणि यांतलं एकही एका महिन्यात झालं नाही.

तुमच्याबद्दल बोलताना मला बरंच गृहीत धरावं लागतंय. माल किती तालुक्यांत जातो, दुकानातून विकला जातो की घरपोच, महिन्याला किती किलो निघतो, वडिलांचं नाव गावात चालतं की ब्रँडचं, यावर उत्तर बदलेल. तुमचा माल अजून पन्नास दुकानांतही नसेल तर लाखो लोकांनी रील बघून उपयोग काय? नागपूरच्या माणसाला आवडली आणि त्याने शोधली तरी पाकीट त्याच्या हाती येणार नाही. उलट तुम्ही घरपोच आणि ऑनलाइन पाठवत असाल तर हिशेब वेगळा.

तरी एक गोष्ट मी तुमच्या जागी नक्की केली असती. तुमच्या भागात मार्च ते मे या काळात वर्षाचा मसाला होतो. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी, लवंगी तिखटासाठी. मिरच्या उन्हात वाळवायच्या, देठं काढायची, खोबरं-कांदा-लसूण परतायचं, मग डंकावर रांग लावायची. ज्यांना हे अजून जमतं त्या तुमचं गिऱ्हाईक नाहीत. तुमचं गिऱ्हाईक त्यांची सून आणि मुलगी, जी पुण्यात नोकरी करते आणि जिला चव तीच हवी आहे पण प्रमाण माहीत नाही. चार माणसांना वर्षाला किती मसाला लागतो, किलोभर मटणाला किती चमचे, उसळीला किती, ब्याडगी वाढवली तर काय होतं, हे ती आईला फोन करून विचारते. तुमच्या वडिलांना हे तोंडपाठ असणार. त्यांच्याकडून काढून घ्या आणि त्याचा एक तक्ता करा. जाड कागद, हाताच्या पंजाएवढा, वर भोक, फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला अडकवता येईल असा. खाली एक रिकामी रेघ, ‘बरणी भरली ती तारीख’. शेजारी एक ओळ, बरणी कोरडी ठेवा आणि मसाल्यावर हिंगाचा खडा ठेवा म्हणजे जाळी लागत नाही. तुमचं नाव खालच्या कोपऱ्यात, लहान. प्रत्येक मोठ्या पाकिटात एक तक्ता. छपाईचा खर्च रीलच्या मानाने किरकोळ आहे. दर वर्षी तोच तक्ता, त्याच रंगात, फक्त लोणच्याची एखादी बाजू वाढवा.

यानंतर रील करा, पण तक्त्यातलीच माहिती घेऊन. वडिलांनी मिरची हातात धरून देठावरून ती कशी ओळखायची ते सांगावं, एक मिनिट, मोबाइलवर, उन्हात. त्याला एजन्सी लागत नाही. अशा दहा रील वर्षभर टाका. त्यातली एखादी खूप लोकांनी पाहिली तर उत्तम, नाही पाहिली तरी तुमच्या दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला ती आहेच.

एजन्सीकडे जायचंच ठरलं तर कागदपत्रांत तीन गोष्टी बघा, कारण छोटे उत्पादक इथे हमखास अडकतात. जिंगल करून घेत असाल तर गीतकार, संगीतकार आणि गायक या तिघांकडून हक्क लेखी घ्या आणि त्यात मुदत स्पष्ट लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या एका उत्पादकाची चाल लोकांच्या ओठांवर बसली आणि सहाव्या वर्षी तीच चाल वापरायला त्याला पुन्हा पैसे मोजावे लागले. दुसरं, रीलमध्ये गाजलेलं सिनेमाचं गाणं परवान्याशिवाय वापरू देऊ नका. घरच्या बारशाचा व्हिडिओ वेगळा आणि माल विकण्यासाठीचा वेगळा, आणि नोटीस एजन्सीला नाही, तुम्हाला येते. तिसरं, रीलसाठी उघडलेलं सोशल मीडियावरचं खातं, मूळ फाइली आणि चित्रीकरण तुमच्या ताब्यात राहील हे लिहून घ्या. ब्रँडच्या नावाची नोंदणी झाली नसेल तर तो खर्च रीलच्या आधी करा. मसाले सहसा वर्ग ३० मध्ये आणि लोणची वर्ग २९ मध्ये येतात, म्हणजे अर्ज दोन वर्गांत करावा लागेल.

पाकिटाचा पुढचा-मागचा फोटो, शंभर ग्रॅमची किंमत आणि माल कोणकोणत्या तालुक्यांत जातो ते इथेच खाली लिहा. एजन्सीने दिलेलं अंदाजपत्रक असेल तर रकमेची फोड तेवढी टाका, नाव नको. चित्रीकरणाला किती आणि ती रील लोकांसमोर नेण्यासाठी किती ठेवले आहेत, हे दिसलं की दर वाजवी आहे का ते सांगता येईल.